इंग्रजीतला ‘आयोनियन’ ओळखायचा कसा? सुरुवात ‘यवन’पासून करा

‘यवन’ हा शब्द आपल्यापैकी बऱ्याच जणांना पहिल्यांदा भेटतो तो एकनाथांच्या गोष्टीत. नाथ गोदावरीवरून स्नान करून येतात, वाटेत यवन अंगावर थुंकतो, नाथ पुन्हा नदीवर जातात. गोष्टीतला यवन म्हणजे मुसलमान, हे शाळेत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पुढे कधीतरी ग्रीक इतिहासावरचं एखादं इंग्रजी पुस्तक हातात येतं आणि त्यात पानोपानी ‘आयोनियन’, म्हणजे प्राचीन ग्रीकांमधला एक गट, भेटायला लागतो. हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. मला ते फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर पुष्कळ चुका टळल्या असत्या, म्हणून नव्याने वाचायला, अनुवाद करायला किंवा परीक्षेसाठी हा काळ अभ्यासायला घेणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

पहिली पायरी: शब्द नीट वाचा

‘आयोनियन’ म्हणताना जोर ‘ओ’वर द्यायचा: आय-ओ-नियन. त्याचं भावंड ‘आयॉनिक’, त्यात जोर ‘ऑ’वर. इंग्रजी लिपीत शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल आय असतं. मोबाइलवरच्या साध्या टंकात ते हुबेहूब लहान एलसारखं दिसतं, त्यामुळे नवखा वाचक ‘लोनियन’ असं वाचून पुढे जातो. असा कुठला शब्द दिसला की थांबा. तो बहुधा आपलाच पाहुणा असतो.

कॅपिटल अक्षराचा आणखी एक उपयोग आहे. वाक्याच्या मध्ये ‘आयॉनिक’ लहान आयने लिहिलेला असेल तर तो रसायनशास्त्रातला समजा, कॅपिटल आयने असेल तर ग्रीकांचा. रसायनातल्या ‘आयन’चा या लोकांशी काही संबंध नाही. तो शब्द मायकेल फॅरेडेने १८३४ मध्ये वापरात आणला, तोही ग्रीकमधूनच घेऊन, पण ‘जाणे’ या क्रियापदावरून. विजेच्या ध्रुवाकडे जाणारा तो आयन. दोन्ही शब्द ग्रीकमधले आहेत आणि इंग्रजीत सारखे दिसतात, एवढंच त्यांच्यातलं साम्य.

दुसरी पायरी: हरवलेला ‘व’ शोधा

इथे जरा जास्त वेळ द्या. हा ‘व’ एकदा सापडला की बाकीचं सगळं आपोआप जागेवर बसतं.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटस आणि त्याच्या काळचे ग्रीक या लोकांना ‘इओनेस’ म्हणत. त्याआधीच्या होमरच्या इलियड या महाकाव्यात हे लोक एकदाच येतात, तेराव्या सर्गात, आणि तिथे त्यांचं नाव आहे ‘इआओनेस’. सोबत विशेषण आहे, पायघोळ झगे घालणारे. ‘आ’ आणि ‘ओ’ असे दोन स्वर शेजारी शेजारी उभे आहेत, म्हणजे मधलं काहीतरी गळलं आहे. मराठीचा कान असलेल्या माणसाला हे लगेच जाणवतं. गळला होता तो ‘व’. मूळ रूप ‘इआवोनेस’.

ग्रीकांच्या जुन्या वर्णमालेत या ‘व’साठी सहाव्या जागेवर स्वतंत्र अक्षर होतं, दिसायला इंग्रजी एफसारखं, रोमन एफ त्याच्यापासूनच आला. आयोनियन लोकांच्या बोलीतून हा उच्चार फार लवकर गेला. आपल्याच नावातला ‘व’ त्या लोकांनी स्वतः टाकून दिला. पण तो होता, याचा पुरावा क्रीट बेटावर मिळाला. क्नोसोसच्या राजवाड्यात सापडलेल्या, तीन हजारांहून अधिक वर्षं जुन्या मातीच्या पाट्यांपैकी एकीवर ‘इ-या-वो-ने’ अशी अक्षरं आहेत. ती लिपी, लिनिअर बी, मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये उलगडली.

आता शब्दाच्या प्रवासाच्या दोन वाटा बघा. पश्चिमेकडे तो लॅटिनमध्ये गेला आणि तिथून सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. या वाटेवर ‘व’ नव्हताच, म्हणून ‘आयोनियन’. पूर्वेकडे मात्र हे नाव ग्रीकांच्या शेजाऱ्यांनी जुन्या रूपात उचललं. हिब्रूत ‘यावान’, जुन्या इराणीत ‘यौन’, अरबीत ‘युनान’. आपल्याकडे प्राकृतात ‘योन’ आणि ‘योणक’, संस्कृतात ‘यवन’. संस्कृतने तो थेट ग्रीकांकडून घेतला की इराण्यांमार्फत, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. पण पाणिनीला तो माहीत होता, आणि त्याच्या सूत्रावर लिहिताना कात्यायनाने ‘यवनानी’ म्हणजे यवनांची लिपी असं सांगून ठेवलं आहे.

आपण ‘यवन’ म्हणतो तेव्हा ग्रीकांनी केव्हाच गमावलेला तो ‘व’ उच्चारत असतो. आणि रस्त्यावर ‘युनानी दवाखाना’ अशी पाटी दिसते, तेव्हाही ती याच लोकांचं नाव सांगत असते.

तिसरी पायरी: वाक्यातला आयोनियन किती मोठा, ते ठरवा

‘आयोनियन’ कधी बारा गावांपुरता असतो, कधी अर्ध्या ग्रीसएवढा, आणि कधी सगळा ग्रीक समाज त्यात बसतो. वाक्य समोर आलं की आधी एवढंच विचारायचं: बोलतंय कोण?

सगळ्यात लहान अर्थ आयोनिया या प्रदेशातल्या रहिवाशांचा. हा प्रदेश आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर, इझमीरच्या आसपास आणि त्याच्या दक्षिणेला. हेरोडोटसने इथली बारा शहरं नावानिशी दिली आहेत: मायलेटस, मायस, प्रायीनी, एफेसस, कोलोफोन, लेबेडस, टिऑस, क्लॅझोमिनी, फोशिया, एरिथ्री, आणि सेमॉस व किऑस या दोन बेटांवरची. त्यांचं सामाईक देवस्थान मिकाली डोंगराजवळ होतं, त्याला पॅनिऑनियन म्हणत. थेलीस, अनॅक्झिमँडर, अनॅक्झिमिनीस हे मायलेटसचे, हेराक्लायटस एफेससचा. पुस्तकात ‘आयोनियन तत्त्वज्ञ’ दिसले की ही मंडळी. ‘आयोनियन बंड’ म्हणजे याच शहरांनी इराणी सम्राट पहिल्या दारयवहूच्या सत्तेविरुद्ध इ.स.पू. ४९९ मध्ये पुकारलेला उठाव. तो इ.स.पू. ४९४ मध्ये मायलेटस पडल्यावर मोडला.

मधला अर्थ कुळाचा. ग्रीक स्वतःची चार कुळं सांगत: आयोनियन, डोरियन, एओलियन आणि अकियन. दंतकथेनुसार हेलेनला डोरस, एओलस आणि झूथस असे तीन मुलगे, आणि झूथसला आयॉन आणि अकियस. आयॉनचा वंश तो आयोनियन. या हिशेबाने अथेन्सचे लोक, युबियाचे लोक, एजियन समुद्रातल्या बऱ्याच बेटांवरचे लोक सगळे आयोनियन. कुळ मुख्यतः बोलीवरून आणि सणांवरून ओळखलं जाई. पण नुसती बोली हा कुळाचा पक्का दाखला नाही, हेही ध्यानात ठेवा. हेरोडोटसचं हॅलिकार्नॅसस हे डोरियन शहर, पण त्याने लिहिलं आयोनियन बोलीत, कारण गद्य लिहायचं तर त्या काळी तीच भाषा चाले.

हाच हेरोडोटस एक फार मोलाची गोष्ट नोंदवून ठेवतो. अथेन्सकरांना आणि इतर बऱ्याच आयोनियनांना हे नाव आवडत नसे, ते लावून घ्यायची त्यांना लाज वाटे. आशियातले आयोनियन परक्यांच्या सत्तेखाली गेलेले, दुबळे मानले जाणारे, त्यांच्याशी नातं सांगायला नको वाटायचं. म्हणून जुन्या मजकुरात कुणी अथेन्सकरांना ‘आयोनियन’ म्हणत असेल तर त्यामागचा सूर तपासा. ते नातं जोडणं असेल, किंवा टोमणाही असेल.

सगळ्यात मोठा अर्थ पूर्वेकडच्यांच्या तोंडचा. इराण्यांना पहिले भेटलेले ग्रीक आयोनियाचे, म्हणून त्यांच्या लेखी सगळेच ग्रीक ‘यौन’. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहूने आपले प्रांत मोजताना यौन लिहिले आहेत. दुसऱ्या एका लेखात ‘ढालीसारखी टोपी घालणारे यौन’ असा वेगळा गट येतो, आणि ते मॅसिडोनियन असावेत असं बहुतेक अभ्यासक मानतात. ग्रीकांनाही ही सवय ठाऊक होती. इ.स.पू. ४७२ मध्ये अथेन्सला झालेल्या एस्किलसच्या नाटकात इराणी राजमाता ग्रीसचा उल्लेख इआओनांची भूमी म्हणूनच करते.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. ‘फिरंगी’ शब्द आठवा. फ्रँक ही युरोपातली एक जमात. अरबांनी आणि इराण्यांनी तिचं नाव सगळ्या युरोपियनांना लावलं, आणि मराठीत पोर्तुगीजही फिरंगी झाले आणि त्यांच्याकडून आलेल्या सरळ पात्याच्या तलवारीलाही फिरंगच म्हणू लागले. यवनाचं झालं ते अगदी याच चालीवर. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक नावाचा ‘योन राजा’ येतो. तो अलेक्झांडरचा सेनापती सिल्युकस याच्या घराण्यातला, म्हणजे मूळचा मॅसिडोनियन. आयोनियाशी त्याचं कुळाचं नातं नाही, तरी तो योन.

चौथी पायरी: सारख्या दिसणाऱ्या नावांपासून सावध

पहिला आणि सगळ्यात मोठा धोका समुद्राचा. आयोनियन समुद्र आयोनियाच्या किनाऱ्यावर नाही. आयोनिया पूर्वेला, तुर्कस्तानात. आयोनियन समुद्र ग्रीसच्या पश्चिमेला, इटलीच्या बाजूला. मध्ये अख्खा ग्रीस आणि एजियन समुद्र. ग्रीकमध्ये ही दोन नावं वेगळी लिहिली जातात, एकात ऱ्हस्व ओ, दुसऱ्यात दीर्घ. समुद्राच्या नावाचा संबंध प्राचीन ग्रीक आयो नावाच्या गाय झालेल्या तरुणीच्या कथेशी लावत. इंग्रजीत ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही एकाच अक्षराने लिहितात, म्हणून गोंधळ होतो. कॉर्फू, इथाका वगैरे आयोनियन बेटं याच पश्चिमेच्या समुद्रातली. तीच १८१५ ते १८६४ या काळात इंग्रजांच्या संरक्षणाखाली होती, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदपत्रांत ‘आयोनियन’ आला तर आधी ही बेटं डोळ्यांसमोर आणा.

माझ्याकडून ही चूक झालेली आहे. एका अनुवादात मी लाडीच्या आरमारी लढाईला ‘आयोनियन समुद्रातली’ म्हटलं. लाडी हे मायलेटससमोरचं बेट. इ.स.पू. ४९४ ची ती लढाई, हेरोडोटसच्या आकड्यांनुसार ३५३ ग्रीक जहाजं विरुद्ध ६०० इराणी. मी ती ग्रीस ओलांडून पलीकडच्या समुद्रात नेऊन ठेवली आणि ते तसंच छापलं गेलं. तेव्हापासून मी नकाशा शेजारी उघडा ठेवल्याशिवाय अनुवादाला बसत नाही. नकाशा आजचा असेल तर लाडी बेट सापडणार नाही, तेही सांगून ठेवतो. तिथल्या मिआंडर नदीने इतका गाळ आणून टाकला की मायलेटसचं बंदर आत जमिनीत गेलं आणि लाडीची टेकडी झाली. वळणं घेत जाण्यासाठी इंग्रजीत जे ‘मिआंडर’ क्रियापद आहे, ते याच नदीवरून आलं.

दुसरी गफलत खांबांची. ‘आयॉनिक’ खांब ओळखायला सोपा. माथ्यावर दोन्ही बाजूंना चटईची गुंडाळी केल्यासारखी गोल वळणं दिसली की आयॉनिक. माथ्यावर साधी उशी आणि वर चौकोनी फळी असेल तर डोरिक. डोरिक बघायचा असेल तर मुंबईच्या टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक लायब्ररीच्या, पायऱ्या चढताना समोर बघा. १८३३ मध्ये उघडलेल्या त्या इमारतीचे दर्शनी खांब डोरिक आहेत. खांबावरून बांधणाऱ्याचं कुळ मात्र ठरवू नका. पार्थेनॉन अथेन्सचं, म्हणजे आयोनियन कुळातल्या लोकांचं, पण त्याचे बाहेरचे खांब डोरिक.

तिसरं संगीतातलं. गिटार किंवा पियानो शिकणाऱ्यांना ‘आयोनियन मोड’ भेटतो. सगळे स्वर शुद्ध, म्हणजे आपला बिलावल थाट. या सप्तकाला हे नाव ग्लॅरियन या स्विस विद्वानाने १५४७ मध्ये दिलं. जुन्या आयोनियन लोकांनी प्रत्यक्षात काय गायलं याचा त्यावरून अंदाज बांधता येत नाही.

पाचवी पायरी: मराठीत लिहिताना कोणता शब्द वापरायचा

मी पाळतो ते सांगतो. ग्रीक इतिहासातलं कुळ किंवा प्रदेश असेल तर ‘आयोनियन’ आणि ‘आयोनिया’. इंग्रजी मजकुरात इराण्यांच्या तोंडी ‘आयोनियन’ असेल आणि अर्थ सगळे ग्रीक असा असेल, तर ‘ग्रीक’ लिहा, किंवा ‘यौन’ ठेवून पहिल्याच वेळी अर्थ सांगा. ‘यवन’ फक्त भारतीय संदर्भात.

मूळ एकच आहे, तर ‘यवन’ का वापरू नये, असा प्रश्न येईल. हे वाक्य वाचून बघा: ‘इराणच्या सम्राटाविरुद्ध यवनांनी बंड केलं.’ आजच्या मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे यातून काय उभं राहील? भाषेत शब्दाचा अर्थ पुढे सरकलेला आहे. ग्रीक गेले, वायव्येकडून येणाऱ्या प्रत्येक परक्याला तेच नाव लागत गेलं, आणि बखरींपर्यंत येताना ते मुसलमानांसाठी पक्कं झालं. उलट दिशेने अनुवाद करतानाही हीच काळजी घ्यायची. बखरीतल्या ‘यवना’चं इंग्रजी कुणी ‘ग्रीक’ केलं तर सगळं प्रकरण हास्यास्पद होईल. आणि सातवाहनांच्या लेखांतल्या यवनाला सरळ ‘आयोनियन’ करू नका. तिथे ‘यवन’च ठेवा.

सहावी पायरी: शब्द प्रत्यक्ष दगडावर वाचा

महाराष्ट्रात राहणाऱ्याला ही सोय आहे, ती सोडू नका. कार्ल्याला जा. पुणे-लोणावळा लोकलने मळवली, तिथून एकवीरेच्या डोंगरावर. देवीचं दर्शन घेऊन बहुतेक लोक परततात. तुम्ही शेजारच्या चैत्यगृहात शिरा. आतल्या ३७ खांबांपैकी काहींवर देणगीदारांची नावं कोरली आहेत, आणि त्यांत धेनुकाकट गावच्या यवनांची अनेक आहेत. एक लेख असा: ‘धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं’. धेनुकाकटच्या सिहधय यवनाने हा खांब दान दिला. नाव सिंहध्वजासारखं, अस्सल इथलं, तरीही तो स्वतःची ओळख यवन अशी करून देतो.

ब्राह्मी येत नसली तरी ‘यवन’ एवढी तीन अक्षरं ओळखता येतात. ‘य’ म्हणजे जहाजाचा नांगर, खाली वाटीसारखा बाक आणि मधून वर जाणारी रेघ. ‘व’ म्हणजे खाली गोल आणि त्याच्या डोक्यावर उभी रेघ. नंतरच्या काळात तो गोल त्रिकोणाकडे झुकतो. ‘न’ म्हणजे उलटा ठेवलेला इंग्रजी टी. मोबाइलचा उजेड समोरून मारू नका, अक्षरं सपाट दिसतात. बाजूने तिरपा धरा, कोरीव खाचांत सावली भरते आणि अक्षर उठून येतं. विजेरी सोबत असेल तर उत्तम. खांबाला हात मात्र लावू नका. त्या तीन अक्षरांत मधला ‘व’ सापडला की दुसरी पायरी पुन्हा आठवा.

जुन्नरच्या लेण्यांतही यवनांची दानं आहेत. एकाने भोजनमंडप दिला, एकाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी.

वेळ असेल तर नाशिकची पांडवलेणी याच फेरीत घ्या. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन ती ‘सकयवनपल्हवनिसूदनस’ असं करते, म्हणजे शक, यवन आणि पल्हवांचा संहार करणारा. तिथून त्याच डोंगरात सतराव्या लेण्यापर्यंत चालत जा. तिथला लेख उत्तरेकडून आलेल्या, दातामिती नगरच्या एका योणकाचा आहे. बापाचं नाव धंमदेव, त्याचं स्वतःचं इदाग्निदत, मुलाचं धंमरखित. तिरण्हु डोंगरात, म्हणजे याच डोंगरात, त्याने हे लेणं खोदवलं, आत चैत्यगृह केलं, पाण्याच्या पोढी केल्या, आणि कशासाठी तेही लिहून ठेवलं: ‘मातापितरो उदिस’, आईवडिलांप्रीत्यर्थ.